तुसातले जीव : घरच्या बागेतील अळ्यांचे संगोपन

दोन वर्षांपूर्वी वर्षावासाच्या समारोपाआधी आम्ही आमचे अंगण स्वच्छ केले. लिंबाच्या छाटलेल्या फांद्या, कढीपत्त्याच्या वाळक्या काटक्या आणि पाचोळा एकत्र करून पेटविला. मदतीला आलेल्या सातवीतील एका विद्यार्थ्याने त्या धगीतून एक काटकी ओढून काढली. तिच्यावर वाळक्या पानाच्याच रंगाचे दोन कोष रेशमी धाग्याने बांधलेले होते. एक करपला होता. दुसरा आम्ही जपून ठेवला, परंतु त्यातून काहीच बाहेर आले नाही.

इतिहास शिकविणाऱ्याच्या हातून हे घडावे, याची खंत अधिक. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी कोरविलेला पाचवा स्तंभलेख आम्ही वर्गात अनेकदा शिकविला आहे. पोपट, मैना, वटवाघूळ अशा अवध्य प्राण्यांची यादी त्यात आहे, ती मुलांना पाठ असते. त्याच लेखात जीव असलेले तूस जाळू नये, अशीही आज्ञा आहे. परीक्षेत तिच्यावर प्रश्न येत नाही, म्हणून आम्हीही तिच्यावरून पुढे सरकत असू.

तेव्हापासून आम्ही अळ्यांचा अभ्यास आरंभिला. फुलपाखरांची बाग म्हणजे केवळ फुलझाडे, हा समज प्रथम सोडावा लागला. मादी अंडी घालते ती अळीच्या खाद्यवनस्पतीवर. लिंबाळी फुलपाखराची अळी लिंबू, बेल, कढीपत्ता या एकाच कुळातील झाडांवर वाढते. बिबळ्या कडव्याची अळी रुईवर. एकीला दुसरीचे पान दिले, तर ती उपाशी मरते. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपावर कीटकनाशक मारलेले असू शकते. ते काही आठवडे वेगळे ठेवून, नवी पालवी फुटल्यावरच वापरावे.

लिंबाळीचे अंडे फिकट पिवळे, मोहरीहून लहान. त्यातून निघालेली अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, आणि हेच तिचे संरक्षण. मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवी होते. तिला डिवचले, तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर काढून ती उग्र वास सोडते. तरीही मुंग्या, कोळी, सरडे आणि पक्षी यांतून फारच थोड्या अळ्या वाचतात.

प्रारंभी आम्ही त्यांना झाकणाच्या बरणीत ठेविले. दमट हवेने विष्ठेवर बुरशी चढली आणि चार अळ्या दगावल्या. आता आम्ही झाडावरील फांदीलाच मच्छरदाणीच्या कापडाची सैल पिशवी बांधतो. कुंडी पाण्याच्या पसरट थाळीत ठेविली की मुंग्या चढत नाहीत. अळी हलवायची असेल, तर बोटांनी उचलू नये, पानासह हलवावी. ती निश्चल बसली असेल, तर कात टाकण्याच्या बेतात आहे असे समजून मुळीच हात लावू नये. फुलपाखरू कोषातून बाहेर येताना मदतीचा मोहही आवरावा. पंख पसरून वाळावयास त्याला वेळ लागतो. काटेरी घोणस अळीला मात्र कोणीही स्पर्श करू नये. तिच्या दंशाने तीव्र वेदना होतात.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील मावशींची तक्रार रास्त होती : फोडणीला पाने उरत नाहीत. कमरेएवढ्या रोपाला पाच अळ्या पुरून उरतात. तेव्हा आम्ही अळ्या पानांसह आमच्या जुन्या लिंबावर हलविल्या आणि मावशींसाठी कढीपत्त्याचे आणखी एक रोप लावले.

गेल्या पावसाळ्यात पिशवीतील एका कोषाला बारीक छिद्र पडले आणि फुलपाखराऐवजी अगदी लहान गांधीलमाश्यांसारखे कीटक बाहेर आले. मुलगा रागावला. “मारू का, सर?” त्याचा राग आम्हांला समजत होता, तो कोष त्यानेच तीन आठवडे सांभाळला होता. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे सांगून मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. तो आम्ही त्याला समजावून सांगितला. त्या कीटकाच्या पिलांना अन्यत्र अन्न नाही. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, “मग आपण ती शेकोटी पेटवली, ती कशात बसते?” ती दोहोंतही बसत नव्हती. तो आमचा प्रमाद होता, आणि ते आम्ही त्याच्यासमोर मान्य केले.

मारण्याऐवजी त्याने ते कीटक पिशवीसह कुंपणापलीकडे नेऊन सोडले.

आता पाचोळा जाळीत नाही. कोपऱ्यात कुजू देतो. छाटणीपूर्वी तो मुलगा, जो यंदा नववीत आहे, एकेक काटकी फिरवून पाहतो. मागल्या रविवारी तिसऱ्याच काटकीवर त्याला एक कोष दिसला. त्याने वहीत तारीख लिहिली, काटकीला पांढरा दोरा बांधला आणि कात्री परत आमच्या हाती दिली.