संकरित बियाण्याची पारख आणि संगणक

संकरित कापसाचें बियाणें अस्सल आहे कीं नाहीं, हें दाणा पाहून समजत नाहीं. पेरून पाहावें तर हंगाम जातो. म्हणून प्रयोगशाळेंत कोंवळ्या रोपाच्या पानांतील डीएनए तपासतात.

त्याचा निवडक भाग बहुगुणित करून, समुद्रशैवलापासून काढलेल्या अ‍ॅगारोजच्या थिजविलेल्या वडींत, म्हणजे जेलमध्यें, घालतात व विजेचा प्रवाह सोडतात. लहान तुकडे पुढें जातात, मोठे मागें राहतात. रंगद्रव्यामुळें ते अतिनील प्रकाशांत पट्ट्यांप्रमाणें चमकतात. नर व मादी वाणांचे पट्टे जेथें भिन्न असतात, तेथें अस्सल संकरांत दोन्ही उमटतात. केवळ मादीचाच दिसल्यास तें रोप स्वपरागणाचें समजावें.

जेलचें छायाचित्र संगणकांत घेतलें म्हणजे प्रत्येक बिंदूचा उजेड सामान्यतः ० ते २५५ अशा अंकांनीं नोंदला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत निर्माण झालेली ‘इमेजजे’ ही विनामूल्य आज्ञाप्रणाली त्या अंकांचा आलेख काढते. पट्टा असेल तेथें शिखर दिसतें. शेजारीं सोडलेल्या ज्ञात लांबीच्या तुकड्यांशीं ताडून पट्ट्याची लांबी ठरवितात.

परंतु संगणक चित्रापलीकडे पाहूं शकत नाहीं. छायाचित्रांत प्रकाश अधिक घेतला, तर जवळचे दोन पट्टे मिसळून एक भासतात. कमी घेतला, तर नराचा फिका पट्टा लोपतो. दोन्ही वेळां अस्सल रोप भेसळ ठरण्याचा संभव असतो. सबब शेतकरी बंधूंनीं अहवालांतील टक्केवारीवरच विसंबूं नये; मूळ चित्र, त्यांतील दोन्ही जनक वाणांच्या ओळी व तपासलेल्या रोपांची संख्या अवश्य मागून घ्यावी.