अभ्यासपाठ : मज्जारज्जू, आणि आरतीतला झोका





गेले तीन गुरुवार आम्ही मज्जासंस्थेचा अभ्यास केला. खाली बस स्टँडवर "इंदौर, इंदौर" चालू होतं आणि वर आम्ही सात जणी एकमेकींच्या पाठीवर मणके मोजत होतो. दोघींना कॉलेजात प्राणिशास्त्र होतं, तेवढीच शिदोरी. बाकी सगळं पुस्तकं समोर ठेवून नव्यानं शिकलो.

ध्यानाला बसताना आपण पाठ ताठ ठेवतो, मेरुदंड हा शब्द रोज ऐकतो. पण त्या दंडाच्या आत काय आहे, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी कधी पाहिलेलं नसतं. हा विषय घ्यायला आमची एक चूकही कारण झाली. ती लपवायची नाही असं आम्ही ठरवलं आहे. पण आधी पाठ घेऊ, म्हणजे चूक नीट कळेल.

*१) रचना*

मज्जासंस्थेचे दोन भाग. मेंदू आणि मज्जारज्जू हा मध्यवर्ती भाग. तिथून निघून अंगभर पसरलेल्या मज्जातंतूंचं जाळं हा दुसरा भाग.

मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा असतो. त्याच्या तळातून मज्जारज्जू खाली उतरतो. जाडी जेमतेम करंगळीएवढी, लांबी ४२ ते ४५ सेंटीमीटर. एवढ्या नाजूक दोरीला देवानं हाडांचं घर दिलं आहे: मानेचे ७ मणके, छातीमागचे १२, कमरेचे ५, त्याखाली एकमेकांना जुळलेले ५ आणि शेवटी माकडहाडाचे साधारण ४, असे एकूण ३३. हाडाच्या आत तीन आवरणं आहेत आणि त्यांच्यात पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळतो. मेंदू आणि मज्जारज्जू दोन्ही त्या द्रवात अलगद राहतात.

मणक्यांच्या मधून दोन्ही बाजूंना मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. मेंदूतून थेट निघणाऱ्या १२ जोड्या वेगळ्या.

आम्हा सगळ्यांना नवीन वाटलेली गोष्ट अशी की, मज्जारज्जू माकडहाडापर्यंत जातच नाही. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी तो संपतो. पुढे फक्त तंतूंचा झुपका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. सिझेरियनच्या वेळी कमरेत सुई देतात ती या झुपक्याच्या भागात. "त्या सुईनं माझी दोरी दुखावली" असं आमच्यातली एक ताई वीस वर्षं मानत होती. सुई दिली जाते तिथे दोरी नसतेच, हे कळल्यावर तिला फार हायसं वाटलं.

*२) अप आणि डाउन*

आपण स्टेशनच्या शेजारी राहणारी माणसं, म्हणून रेल्वेचाच दाखला घेऊ. मज्जारज्जूत येणाऱ्या आणि जाणाऱ्या लाइनी वेगवेगळ्या आहेत. शरीराकडून येणारी बातमी मज्जारज्जूच्या मागच्या बाजूनं आत शिरते. स्नायूंना जाणारा हुकूम पुढच्या बाजूनं बाहेर पडतो.

वर जाणाऱ्या बातम्यांच्याही लाइनी वेगळ्या. दुखणं, गरम, थंड यांची लाइन पुढच्या-बाजूच्या भागातून जाते. पाय कुठे आहे, गुडघा किती वाकला आहे, तळव्याखाली फरशी आहे की सतरंजी, ही बातमी मुख्यतः *मागच्या पट्ट्यांतून* जाते. हे मागचे पट्टे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

सगळ्याच बातम्या मेंदूची वाट पाहत नाहीत. तापलेल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि "आई गं" नंतर निघतं. हा निर्णय मज्जारज्जूनं परस्पर घेतलेला असतो. कॉलेजात बेडकाचा मेंदू निकामी केल्यावरही पायाला चिमटा काढला की पाय आखडायचा. तेव्हा ते पाहून वाईट वाटलं होतं, अर्थ आता कळला.

*३) घरी करून पाहा*

डोळे मिटा आणि तर्जनी नाकाच्या शेंड्याला लावा. न बघता बोट बरोबर जातं, कारण हात कुठे आहे ही बातमी वर पोहोचते.

आता दुसरा प्रयोग. भिंतीजवळ, *कुणाला तरी शेजारी उभं करून*, दोन्ही पाय जुळवा आणि उभे राहा. मग डोळे मिटा. थोडं डुलायला होईल, पण तोल राहील. उभं राहायला आपल्याला तीन साक्षीदार मदत करतात: डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव आणि पायांकडून येणारी बातमी. एक गैरहजर असला तरी उरलेले दोघे सांभाळून घेतात. पायांची बातमी आधीच तुटलेली असेल आणि त्यात डोळे मिटले, तर मात्र माणूस झोके खातो. डॉक्टर हीच तपासणी करतात.

*४) आमची चूक*

आमच्या मंडळातल्या एक काकू, साठी उलटलेल्या. त्यांच्या परवानगीनं लिहीत आहोत. त्यांच्या तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या. पुढे त्या म्हणाल्या, "नमस्काराला मान खाली घातली की पाठीतून वीज जाते." आणि आरतीत डोळे मिटून उभ्या राहिल्या की त्यांना झोके येत.

आम्ही काय केलं? आम्ही त्यांना भाग्यवान म्हटलं. शक्ती जागी होते आहे म्हटलं. एका उत्सवात त्यांच्या गळ्यात हार घातला. वीज वर चढत नव्हती, खाली पायांकडे उतरत होती. तेवढंसुद्धा आम्ही विचारलं नाही.

सहा महिने असे गेले. मग त्यांच्या सूनबाईंच्या लक्षात आलं की, आईंच्या पायातली चप्पल निघून मागे राहते आणि त्यांना कळत नाही. पाठोपाठ एक दिवस बाथरूममध्ये तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि काकू पडल्या.

डॉक्टरांनी त्यांना पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं. मग रक्त तपासलं. बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघालं. विजेच्या तारेवर जसं प्लास्टिकचं आवरण असतं, तसं बऱ्याच मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं. ते नीट राहायला बी-१२ लागतं. ते दीर्घकाळ कमी पडलं की मज्जारज्जूचे मागचे पट्टे खराब होऊ लागतात. मुंग्या, मान वाकवताना जाणारी वीज, मिटल्या डोळ्यांनी येणारा झोका, तिन्ही खुणा पाठ्यपुस्तकात एकाच पानावर सापडल्या. ते पान वाचताना कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

इंजेक्शनं सुरू झाली. काकू आता पुष्कळ बऱ्या आहेत, पण तळवे अजून गादीवर चालल्यासारखे वाटतात. लवकर गेलो असतो तर कदाचित इतकंही राहिलं नसतं. त्या आम्हाला एवढंच म्हणाल्या, "तुम्ही मला हार घातलात गं, खुर्ची द्यायला हवी होती." आता आरतीला त्यांच्यासाठी खुर्ची ठेवलेली असते.

हे आपल्या सगळ्यांसाठी महत्त्वाचं आहे, कारण धान्य, भाज्या आणि फळांत बी-१२ नसतं. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध, दही, ताक, पनीर यांतून मिळतं. वय वाढलं की पोटातून ते शोषलं जाणं कमी होतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या यांनीही ते कमी होऊ शकतं. यकृतात साठा असतो, म्हणून काही वर्षं काहीच जाणवत नाही. शाकाहार सोडा असं आम्ही म्हणत नाही. डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्या, एवढंच सांगणं आहे. मुंग्यांना मधुमेह, मान किंवा कंबर अशी इतर कारणंही असतात, म्हणून मनानं गोळ्या घेऊ नका.

*५) मग चक्रं कुठे आहेत?*

हा प्रश्न आमच्याही वर्गात आला. तो जुनाच आहे. १८५५ च्या सुमारास स्वामी दयानंद सरस्वतींना गंगेच्या पात्रात एक प्रेत वाहताना दिसलं. त्यांच्याजवळ हठयोगाची पुस्तकं होती. त्यांनी प्रेत काठावर ओढलं, सुरीनं कापून पुस्तकातल्या वर्णनाशी ताडून पाहिलं. जुळलं नाही, तेव्हा पुस्तकं फाडून प्रेताबरोबर नदीत सोडून दिली.

पुढे १९२७ मध्ये मुंबईच्या डॉ. वसंत गंगाराम रेळे यांनी 'द मिस्टीरियस कुंडलिनी' हे पुस्तक लिहिलं आणि कुंडलिनी म्हणजे उजवी व्हेगस नाडी असं मांडलं. त्या पुस्तकाला प्रस्तावना सर जॉन वुड्रॉफ यांची. त्यांनी प्रस्तावनेतच नम्रपणे सांगितलं की, कुंडलिनीला कोणतीही एक नाडी म्हणता येणार नाही.

तिसरी वाट लोणावळ्याची. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं. योगक्रिया करताना शरीरात काय घडतं, ते क्ष-किरणं आणि दाब मोजायची साधनं लावून तपासलं. जे मोजता येतं ते मोजायचं. आम्हाला ही वाट पटली.

आमची समजूत अशी झाली आहे. चक्र ही ध्यानाची भाषा आहे आणि मज्जारज्जू ही शरीराची वस्तू. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय भक्तीनं वाचावा. पायाला मुंग्या आल्या तर मात्र डॉक्टरांकडे जावं. दोन्हींची सरमिसळ केली की ग्रंथावरही अन्याय आणि काकूंवरही.

*६) ध्यानात खरंच काय होतं?*

इच्छेशिवाय चालणाऱ्या कामांसाठी दोन विभाग आहेत. एक धावपळीचा, तो छातीच्या आणि कमरेच्या वरच्या भागातून निघतो. दुसरा विसाव्याचा, तो मेंदूच्या तळातून आणि मज्जारज्जूच्या अगदी खालच्या भागातून निघतो. विसाव्याची सर्वांत मोठी नाडी व्हेगस, दहावी जोडी. हृदय, फुप्फुसं, जठर आणि बऱ्याचशा आतड्यापर्यंत तिचा पसारा आहे.

मनगटावर नाडी धरा आणि सावकाश श्वास सोडा. सोडताना ठोके किंचित मंदावतात. तिथे व्हेगसचं काम प्रत्यक्ष बोटाखाली कळतं. दीर्घ उच्छ्वासानं शांत का वाटतं, याचं एक कारण हे.

मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो तो गुडघ्याजवळ किंवा मांडीत तंतू दाबला गेल्यानं. पाय मोकळा केला की काही मिनिटांत जातो. तो अनुभवही नाही आणि आजारही नाही.

*७) हे दिसलं तर थांबायचं नाही*

▪️ मुंग्या किंवा बधिरपणा आठवडे टिकणं, वर सरकणं
▪️ चप्पल पायातून निघणं, अंधारात तोल जाणं
▪️ ब्लाउजची हुकं, साडीची पिन लावता न येणं
▪️ मान वाकवताना पाठीतून वीज जाणं
▪️ दोन्ही पायांत अशक्तपणा, बसण्याच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं: *यात त्याच दिवशी दवाखाना*

आणि एक सेवेची गोष्ट. २०२८ च्या सिंहस्थात आपल्यातले बरेच जण घाटावर असतील. पायऱ्यांवरून कुणी जोरात पडलं तर चटकन बखोटीला धरून बसवू नका. डोकं आणि मान आहे तशी स्थिर धरा, हातपाय हलतात का विचारा, १०८ ला फोन करा. मोडलेला मणका चुकीच्या उचलण्यानं आतल्या दोरीत घुसू शकतो.

*पुढच्या गुरुवारसाठी प्रश्न*

१. मज्जारज्जू कुठे संपतो?
२. तव्यावरून हात आधी मागे येतो, दुखणं नंतर कळतं, असं का?
३. आपल्या केंद्रात आरतीला कुणी झोके खातं का? त्यांना या आठवड्यात प्रेमानं विचारलंत का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहून पाठवायचं नाही. शेजारी जाऊन उभं राहायचं आहे.

आपल्या सेवेत,
महिला अभ्यासमंडळ, देवास गेट, उज्जैन 🙏