अनाथ लाटेच्या जन्मस्थानाचा शोध

इतिहासाचे शिक्षण घेताना आमच्या मनावर एक सूत्र ठसविण्यात आले होते : जेथे लेखी साधन नाही, तेथे इतिहास नाही. ज्यांच्या पूर्वजांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या लेखणी येऊ दिली गेली नाही, अशा घरांतून आलेल्या आम्हाला हे सूत्र तेव्हाही खटकत असे. परंतु त्याचे उत्तर सुचत नव्हते. ते पुढे सापडले, आणि तेही इतिहासाच्या ग्रंथात नव्हे, तर सागरतळाच्या भूकंपांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या कामात. वर्गात हा विषय आम्ही अनेकदा सांगितला आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो विद्यार्थी मित्रांपुढे थोडा विस्ताराने ठेवीत आहोत.

जपानमध्ये गेनरोकू या राजशकाच्या १२ व्या वर्षी, १२ व्या महिन्याच्या ८ व्या दिवशी मध्यरात्रीच्या सुमारास समुद्र किनाऱ्यावर चढून आला. कुवागासाकी या गावात पाण्याने १३ घरे पाडली आणि त्या गोंधळात लागलेल्या आगीत आणखी २० घरे जळाली. दूर दक्षिणेकडील मिहो गावच्या मुखियाने या पाण्याची नोंद केली, पण त्याला मोठा प्रश्न पडला होता. भूकंपानंतर त्सुनामी येते हे जपानी माणसाला ठाऊक होते. येथे तर जमीन हललीच नव्हती. मग हे पाणी आले कोठून? जनक-भूकंपाचा पत्ता नसल्यामुळे संशोधक पुढे या लाटेला ‘अनाथ त्सुनामी’ म्हणू लागले.

आता पॅसिफिक महासागराच्या पलीकडे जाऊ. अमेरिकेच्या उत्तर कॅलिफोर्नियापासून कॅनडातील व्हँकुव्हर बेटापर्यंत सुमारे १,००० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात सागरतळाचा एक भूपट्ट खंडाच्या भूपट्टाखाली सरकत आहे. या पट्ट्यास कॅस्केडिया म्हणतात. असे दोन भूपट्ट एकमेकांत अडकून बसले की वरच्या भूपट्टाची कडा शतकानुशतके दाबली जाते आणि किनारा हळूहळू फुगून वर येतो. अडकण सुटली की समुद्राखालील कडा एकाएकी उसळते, तिच्यावरचे सारे पाणी उचलले जाते, आणि फुगलेला किनारा मात्र खाली बसतो. हे घडू शकते, हे शास्त्रज्ञांना समजत होते. तरीही कॅस्केडियात असा महाभूकंप होतो काय, याविषयी बराच काळ शंका होती. कारण तेथे तशी एकही लेखी नोंद नव्हती. नोंद असणार तरी कशी? त्या किनाऱ्यावर लिहिणारे युरोपीय पोहोचले तेच अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात.

१९८६ च्या सुमारास ब्रायन ॲटवॉटर या भूवैज्ञानिकाने वॉशिंग्टन राज्यातील खाड्यांचे काठ फावड्याने खणून पाहण्यास प्रारंभ केला. भरतीच्या चिखलाखाली त्यांना गवत उगवलेल्या जुन्या जमिनीचा थर आढळला आणि त्या थरावर अनेक ठिकाणी समुद्राकडून वाहून आलेली वाळू पसरलेली होती. जमीन अचानक खचली आणि पाठोपाठ लाट आली, असाच त्याचा अर्थ होता. कोपॅलिस नदीच्या काठी तर सीडार वृक्षांचे एक मृत वन आजही उभे आहे. किनारा खचल्यावर खारे पाणी मुळांशी शिरले आणि झाडे उभ्या उभ्या मेली.

ती मेली केव्हा? कार्बन कालमापनाने काही दशकांच्या आतला काळ मिळाला. अधिक नेमके उत्तर हवे, म्हणून डेव्हिड यामागुची आणि सहकाऱ्यांनी वृक्षवलये मोजली. वाऱ्यापावसाने खोडांची बाहेरची वलये झिजली होती. म्हणून त्यांनी चिखलात गाडलेली, साल शाबूत असलेली मुळे खणून काढली आणि जवळच्या जुन्या झाडांच्या वलयांशी ताडून पाहिली. अखेरचे वलय १६९९ चे निघाले. म्हणजे १७०० च्या हंगामात ती झाडे वाढलीच नाहीत.

दरम्यान केनजी साताके आणि त्यांचे सहकारी जपानी दप्तरांकडून निघाले होते. दक्षिण अमेरिकेतील स्पॅनिश कागदपत्रांत त्या तारखेस जुळणारा भूकंप नव्हता. त्सुनामीचा वेग समुद्राच्या खोलीवर ठरतो. ४,००० मीटर खोल पाण्यात ती ताशी सुमारे ७०० किलोमीटर धावते. त्या हिशेबाने कॅस्केडिया ते जपान हा प्रवास सुमारे १० तासांचा. उलट गणित करून १९९६ साली त्यांनी उत्तर दिले : २६ जानेवारी १७००, स्थानिक वेळ रात्री सुमारे ९, तीव्रता ९ च्या आसपास. पुढच्याच वर्षी वलयांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ते या तारखेशी जुळले. आम्हाला तरी इतिहास-संशोधनाचा याहून सुंदर नमुना ठाऊक नाही.

आणि तिसरी साक्ष? ती तेथील आदिवासींकडे आधीपासूनच होती. व्हँकुव्हर बेटावरील हू-आय-आह्त लोकांत सांगत आले आहेत की एका रात्री जमीन हादरली, समुद्र आला आणि पाचेना उपसागरातले गाव नाहीसे झाले. उंचावर राहणारे तेवढे वाचले. बाहेरच्या विद्वानांनी अशा कथांना दंतकथा म्हणून बाजूला ठेवले होते. कथा जुनी आहे म्हणून ती खरी मानावी, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परंतु ती तपासूनही न पाहता खोटी ठरविणे हे अशास्त्रीयच होते. वाळू, झाडे आणि दप्तरे यांच्याशी ताडल्यावर ती टिकली.

आज खोल सागरतळावर दाबमापक यंत्रे बसविलेली आहेत. वरून लाट गेली की दाबातील सूक्ष्म बदल उपग्रहामार्फत केंद्राला कळतो. २००४ च्या डिसेंबरमधील संहारानंतर आपल्या देशातही हैदराबाद येथे त्सुनामी इशारा केंद्र २००७ मध्ये सुरू झाले. यंत्रे लाटेची वर्दी देतात. अमुक किनाऱ्यावर पूर्वी किती वेळा असे घडले, हे मात्र गाळाला, कागदाला आणि माणसांनाच विचारावे लागते.

आपला पश्चिम किनाराही यातून सुटलेला नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या किनाऱ्यालगत झालेल्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत पोहोचली होती. कोकणातल्या कोळीवाड्यांत आणि खाडीकाठच्या वस्त्यांत त्या पाण्याविषयी काय सांगितले जाते, ते आम्ही शोधू लागलो आहोत. वसतिगृहातील रायगड-रत्नागिरीकडच्या मुलामुलींना दिवाळीच्या सुट्टीसाठी वह्या दिल्या आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायचे, सांगणाऱ्याचे नाव आणि वय लिहायचे, आणि त्याने स्वतः पाहिलेले कोणते व ऐकलेले कोणते, हे दोन वेगळ्या पानांवर उतरवायचे.