परमिट रूम, फॅमिली सेक्शन आणि दारातली गाडी

नाही वं माय, पुण्यात तू बसतेस तशी जागा इथं शोधत फिरू नकोस. गल्लीच्या टोकाला छोटासा कॉकटेल बार, दारात रंगवलेला फूड ट्रक, प्लेट ट्रकवरून घ्यायची, ग्लास बारमधून, आणि दोन्ही घेऊन बाहेर कट्ट्यावर गप्पा मारायच्या. हे तू सांगतेस ते ऐकायला छान आहे. पण जळगावात ग्लास घेऊन रस्त्यावर आलीस तर गप्पा पोलीस स्टेशनात माराव्या लागतील.

ही ट्रकची कल्पना मुळात अमेरिकेतली. तिथल्या कितीतरी बारना स्वतःचं स्वयंपाकघरच नसतं, म्हणून दारात ट्रक उभा राहिला तर दोघांचंही भागतं. लॉस एंजेलिसला २००८ मध्ये रॉय चोई नावाच्या शेफने कोरियन चवीचे टाको ट्रकवरून विकायला सुरुवात केली, आणि रात्री क्लबमधून बाहेर पडणारे लोक त्या ट्रकपुढे रांगा लावू लागले. आपल्याकडे गणित उलटं आहे. परमिट रूमला खाद्यगृहाचा परवाना लागतो, म्हणजे चूल आतच पेटलेली असते. आणि दारू परवान्यात दाखवलेल्या जागेबाहेर नेऊन प्यायची सोय नाही. त्यामुळे इथं बार आत आणि गाडी बाहेर, मध्ये रस्ता. आतली मंडळी बाहेर येऊन भुर्जी-पाव खातात आणि घरी जातात. काही गाडीवाले पाण्याच्या ग्लासात ‘सोय’ करून देतात, तिथं तू क्षणभरही थांबू नकोस. दारूबंदी कायद्याचं कलम ६८ गाडीवाल्यावर लागतं, ८४ पिणाऱ्यावर, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी येते ती वेगळीच.

आता आतलं सांगते. तुला बसायचं तर ‘फॅमिली सेक्शन’मध्येच बसवतील. वर एसी, खाली जिना, जिन्यात पार्सलवाल्यांची गर्दी. तिथं बाईने काही मागवलं तरी वेटर बघतो पुरुषाकडे. मागे आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. जाऊबाईंनी बिअर सांगितली, आमच्या दिराने लिंबू सोडा. वेटर आला, बिअर दिरापुढे ठेवली, सोडा जाऊबाईंपुढे, वरून स्ट्रॉ सरळ केली आणि गेला. तो वळेपर्यंत कोणी काही बोललं नाही, मग दोघांनी ग्लास अदलाबदल केले. जाऊबाई हसल्या, पण पुढच्या वेळी त्यांनी ऑर्डर देताना ‘ही मला’ असं जरा मोठ्याने सांगितलं. तूही तसंच कर. ओशाळण्यासारखं त्यात काही नाही. पण चार टेबलांवरचे लोक मान वळवून बघतील हे धरूनच जा, आणि ज्या जागेत बघणं थांबतच नाही तिथून उठून ये.

तुझं पंचवीस पूर्ण झालंय ते बरं. तुझी ती धाकटी मैत्रीण तेवीसची ना? तिला बिअर-वाइन चालेल, ती २१ ला चालते. व्होडका किंवा रम घातलेलं कॉकटेल मात्र महाराष्ट्रात २५ च्या आत चालत नाही. आणि कायद्याने पिणाऱ्याकडे स्वतःचा परवानाही हवा, एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो, आयुष्यभराचा हजारात. विचारतं कोणी? नाही विचारत. पण विचारलं तर तोंड पडायला नको.

कॉकटेल मागवायचंच असेल तर डोळे उघडे ठेवून मागव. आपल्याकडच्या बऱ्याच जागी कॉकटेल म्हणजे निळं नाहीतर लाल सरबत, भरपूर बर्फ आणि दारू नावाला. साडेसातशे मिलीच्या बाटलीत तीस मिलीचे पंचवीस पेग बसतात. त्या पंचवीसाचे सत्तावीस कसे करायचे ही कला काही ठिकाणी पिढीजात आहे. म्हणून सरळ म्हण, ‘भाऊ, मापाने टाक, समोर टाक.’ वजनमाप खात्याचा शिक्का असलेलं माप त्यांच्याकडे असायलाच लागतं. जो चांगला असतो तो आढेवेढे घेत नाही, उलट ग्राहक जाणकार आहे म्हणून जरा सरळ वागतो. एवढं घोकण्यापेक्षा साधी बिअर सीलबंद बाटलीत मागवणं सोपं, असं माझं मत.

आणि बर्फ. मे महिन्यात जळगाव पंचेचाळीसला टेकतं, तेव्हा बर्फ कुठून येतो हे दारूपेक्षा महत्त्वाचं. खाण्याचा नसलेला बर्फ निळा रंगवायचा असा नियम आपल्या राज्यात २०१८ ला आला, म्हणजे पांढरा दिसला तर तो खाण्याचा असायला हवा. ‘हवा’ म्हणते आहे मी. फोडलेल्या लादीचे वाकडेतिकडे तुकडे ग्लासात दिसले तर बर्फ नको म्हण, बाटलीच थंड माग.

बिल मात्र शेवटचा घास तोंडात असतानाच वाचायला घे. इथं जास्तीत जास्त लोक फसतात, कारण तोपर्यंत सगळे खूश असतात आणि कोणाला पैशावरून घोळ नको असतो. खाण्यावर पाच टक्के जीएसटी. दारूवर जीएसटी नाहीच, तिथं राज्याचा व्हॅट, जो परमिट रूममध्ये १ नोव्हेंबर २०२३ पासून पाचाचा दहा टक्के झाला. आता काही बहाद्दर काय करतात, दोन्हीची बेरीज करून वर पुन्हा जीएसटी लावतात. बेरीज स्वतः कर, मोबाइल कशाला आहे? ‘सर्व्हिस चार्ज’ अशी ओळ असेल तर काढायला सांग. २०२२ च्या केंद्राच्या सूचनांप्रमाणे तो आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या सूचना कायम केल्या. वेटरला द्यायचं ते हातात दे, त्याला ते आवडतं. पाण्याच्या बाटलीवरून मात्र भांडू नकोस. हॉटेलात बसून पाणी घेतलं तर छापील किमतीपेक्षा जास्त लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुभा दिली आहे. साधं पाणी माग, संपलं. वाद झालाच तर वेटरशी नाही, काउंटरवरच्याशी, आणि शांतपणे. तरीही दाद दिली नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मी पाहिलंय, नंबर नुसता उच्चारला तरी बिल पुन्हा छापलं जातं.

पण खरी चव बाहेर आहे. परमिट रूमची शेवभाजी तेलावर तरंगते, लोकांना ती तशीच आवडते, मी काय बोलणार! थंडीत मात्र भरिताची गाडी शोध. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आसोदा-बामणोदची ती हिरवी, पांढऱ्या रेघांची, हाताएवढी वांगी कापसाच्या काड्यांवर भाजली की जो वास सुटतो तो कुठल्याही ट्रकला येणार नाही. साल निघाली की गर ठेचायचा, लसूण-हिरवी मिरची वाटून घालायची, वर कांद्याची पात आणि तळलेले शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी-उडदाची, जरा काळपट. गाडी निवडताना बघ, हात धुवायला पाणी आहे का, उष्टी ताटं आणि कच्चं सामान वेगळं आहे का, तेल काळं झालंय का. परवान्याचा कागदही विचार. छोट्या गाडीला अन्नसुरक्षेची नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत होते, ज्याने तीही केली नाही त्याने बाकी काय केलं असेल?

धुळ्याला गेलीस तर वेगळंच. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन महामार्ग तिथं एकमेकांना कापतात, त्यामुळे ढाबे ट्रकवाल्यांना आणि गाववाल्यांना एकाच पंगतीत बसवतात. २०१७ च्या एप्रिलमध्ये महामार्गाच्या पाचशे मीटरच्या आतले बार बंद झाले तेव्हा जळगाव-धुळे दोन्ही गावांत हाहाकार उडाला होता. पुढे शहरांच्या हद्दीला सूट मिळाली. धुळ्याचा गाडीवाला ‘काय देऊ वं बहीण?’ म्हणून विचारतो आणि तिखट घालताना दयामाया करत नाही. कमी हवं तर आधीच सांग.

परत येण्याचं मात्र आधी ठरव, बसायचं नंतर. जळगावात महामार्ग गावातूनच जातो आणि तिथं रोज कोणाचं तरी वाईट ऐकायला येतं. पिऊन गाडी चालवली आणि रक्तात शंभर मिलीला तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन्हीही होऊ शकतं. पण दंडाची भीती मी तुला घालत नाही. मला भीती महामार्गावरच्या डंपरची. तुम्हा मैत्रिणींतली एक न पिणारी ठरवा, आणि तिला त्या रात्री लिंबू सोड्याचे पैसे द्यायला लावू नका.

एक आणखी. बारच्या बाहेर ओरडत, हॉर्न वाजवत उभ्या राहू नका. वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी मुलाची दहावी असते. बार बंद करायच्या मतदानात वॉर्डातल्या बाया पुरेशा संख्येने आडव्या बाटलीला मत देतात तेव्हा तो बंद होतो, आणि मत द्यायला त्या बाहेर पडतात ते दारूच्या रागाने जेवढ्या, तेवढ्याच अशा गोंगाटाने. मी त्या रांगेत उभी राहीन की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आईला यातलं काही सांगायचं की नाही ते तुझं तू बघ. शनिवारी येणार असशील तर गुरुवारीच कळव, आसोद्याची वांगी सांगून ठेवावी लागतात.