दोडक्याच्या शिरा

सेलमध्ये पाचशे रुपये वाचवले म्हणून तू परवा फोनवर खूश होतीस, तेव्हा मी काही बोलले नाही. पण वाचले कुठले गं, दीड हजार गेले! पैसा दुकानात वाचत नाही. वस्तू घरात आल्यावर तिचं काय करतेस त्यावर वाचतो. तुझ्या आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो मिळायचा. त्याच्या पिठाला चिकटपणा नाही, भाकरी थापताना कडेने चिरत जायची. मग ती पीठ उकळत्या पाण्यात भिजवून मळायची, आणि तरीही मोडली ती भाकरी रात्री कांदा-तिखट घालून कुस्करायची. वस्तू पहिल्या कामाला लावतानाच तिचं दुसरं काम आजीच्या डोक्यात ठरलेलं असे. मी जे सांगणार आहे ते सगळं तिथूनच आलंय.

दोडकाच घे. शिरा काढून तू त्या कचऱ्यात टाकतेस, हे मी तुझ्या ओट्यापाशी उभी राहून पाहिलंय. दोडका आधी धुऊन घे, मग शिरा काढ आणि बारीक चिर. लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात मंद आचेवर परतत राहा. घाई केलीस तर वरून करपतात आणि आत चिवट राहतात. कुरकुरीत झाल्या की तीळ, सुक्या खोबऱ्याचा कीस, दोन-तीन लसूण पाकळ्या, तिखट, मीठ आणि चिमूटभर साखर. पाणी न लागलेली चटणी चार दिवस सहज टिकते आणि ऑफिसच्या डब्यात तोंडी लावण्याची सोय होते. दुधीच्या सालीचं हेच. मुळ्याचा पाला भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून परतायचा, फ्लॉवरचे कोवळे दांडे रश्शात जातात, कोथिंबिरीचे देठ वाटणात, कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालीपिठात. दोडका किंवा दुधी चवीला कडू लागला तर मात्र सरळ टाकून दे. तिथे जीव अडकवू नकोस.

उरलेल्या अन्नाचं तुला बहुतेक माहीत आहे. शिळ्या पोळीची फोडणीची पोळी होते, भाताचा फोडणीचा भात होतो, वरण जास्त झालं तर दुसऱ्या दिवशी त्यातच कणकेची फळं सोडायची. चकोल्या केल्या की वेगळी भाजीही लागत नाही. पण मला विचारशील तर उरवणं हेच चुकीचं. दोघांच्या घरात आठवडाभराची भाजी एकदम आणून फ्रीज भरणं ही शहरातली सगळ्यात महागडी सवय आहे. गुरुवारपर्यंत मेथी पिवळी पडते आणि शुक्रवारी तुम्ही बाहेरून मागवता. पालेभाजी दोन दिवसांची आण. कांदा, बटाटा, दुधी, भोपळा हे टिकणारं, ते जास्त घेतलंस तरी चालेल.

आता तुपाचं. तू विचारलंस म्हणून नीट सांगते, कारण हे अर्धवट करून काही हाती लागत नाही. पिशवीवर काय छापलंय ते आधी वाच. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो, फुल क्रीममध्ये ६. टोन्ड दुधावर साय धरून तूप करायला गेलीस तर गॅसच जास्त जाईल. तुम्ही दोघं चहापुरतं अर्धा लिटर दूध घेत असाल तर हा उद्योग करू नकोस, तूप विकतच आण. पण रोज लिटरभर फुल क्रीम किंवा म्हशीचं दूध लागत असेल, तर महिन्याला अर्धा-पाऊण किलो तूप सायीतून निघतं आणि प्यायला दूध राहतंच.

दूध मंद आचेवर तापव, झाकण न ठेवता गार होऊ दे आणि मग फ्रीजमध्ये रात्रभर न हलवता ठेव. सकाळी भाकरीसारखी सलग साय निघते. ती एकाच डब्यात साठव आणि पहिल्याच दिवशी तिला चमचाभर दह्याचं विरजण लाव. विरजण न लावता आठ-दहा दिवस नुसती साय साठवणाऱ्यांचं तूप कडवट लागतं आणि मग त्या दुधाला नावं ठेवतात. डबा भरला की तो रात्रभर बाहेर ठेव आणि सकाळी गार पाणी घालून घुसळ. उन्हाळ्यात बर्फाचे दोन खडे टाकलेस की लोण्याचा गोळा पटकन वर येतो. पाणी नितळ निघेपर्यंत लोणी धू. ताकाचा अंश राहिला तर कढवताना तळाला लागतं. जाड बुडाचं पातेलं घे, आच मंद ठेव आणि डोळ्यांइतकेच कान उघडे ठेव. आधी खळखळ येते, मग तडतड, आणि तडतड थांबली की तूप झालं. बेरी बदामी दिसली की गॅस बंद कर, कारण पातेल्याच्या उष्णतेवर ती आणखी रंगते.

पुढची कामं इथूनच सुरू होतात. ताकाची एक दिवस कढी, एक दिवस उकड. उरलं तर पाणी घालून कढीपत्त्याच्या कुंडीला. बेरीत गूळ घालून खायची. तुझे वडील आणि मी त्यावरून भांडायचो. पातेल्याला जे तूप चिकटून राहतं ते साबणाने धुऊ नकोस, त्यातच कणीक मळ. त्या दिवशीच्या पोळ्या वेगळ्याच होतात.

गॅसबद्दल तुझ्या पिढीला एकच सांगायचं, शिट्टी झाली की आच बारीक करा. कुकरच्या आत पाणी १२० अंशांच्या आसपास तापलेलं असतं, उघड्या पातेल्यात ते १०० च्या वर जात नाही, म्हणून कुकर वेळ वाचवतो. एकदा तो दाब तयार झाला की मोठी आच नुसती शिट्ट्या वाजवते, शिजवत नाही. कडधान्यं रात्री भिजव. एकाच कुकरात खाली डाळ, मध्ये भात, वर बटाटे असे डबे लाव. बंद केलेला कुकर नळाखाली धरून उघडू नकोस, निवेपर्यंत आत शिजणं चालूच असतं. ज्योत पिवळी दिसायला लागली तर बर्नरची भोकं बुजलीत, भांडी काळी होतात आणि गॅस फुकट जातो. त्यासाठी माणूस बोलवायला नको, बर्नर गार झाल्यावर सुईने साफ होतो. आणि सिलिंडर लावला की कालनिर्णयवर तारीख लिही. दुधाचा खाडा लिहितेस तिथेच. १४.२ किलोचा सिलिंडर तुमच्याकडे किती दिवस जातो हे कळल्याशिवाय तो वाचतोय की नाही ते कसं कळणार?

आजी गुळाच्या पाण्यातल्या लापशीला उकळी आली की पातेलं चुलीवरून उतरवून वाकळेत गुंडाळून ठेवायची. तू तेच भाताचं करून बघ. उकळी आली, पाच मिनिटं शिजू दिला, घट्ट झाकण लावलं आणि पातेलं जाड गोधडीत गुंडाळून पाऊण तास ठेवून दिलं. भात मोकळा होतो आणि तळाला लागत नाही. पातेल्याखाली लाकडी पाट आणि वर्तमानपत्र ठेव, नाहीतर गोधडीला काजळी लागेल.

विजेच्या बाबतीत लोक मोबाइलच्या चार्जरची बटणं बंद करत फिरतात आणि गीझर तासभर चालू ठेवतात. २००० वॉटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो. आंघोळीचं दहा लिटर पाणी तापवायला अर्धं युनिटही लागत नाही. ते तापलं की गीझर बंद कर. दुसरा खरा खर्च पंख्याचा, कारण तो रात्रभर फिरतो. जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, नवा बीएलडीसी पंखा साधारण ३० वॉट. रोज दहा तास चालला तर महिन्याला तेरा-चौदा युनिटांचा फरक. पण भाड्याच्या घरातले मालकाचे चांगले चालणारे पंखे काढून नवे घ्यायला निघू नकोस. आहे तो बिघडला की मग बघ. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटांवर दर चढतो. चढलेला दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला नाही, हे शेजारणीलाही सांग. तिने त्या भीतीने उन्हाळ्यात पंखा बंद केल्याचं तूच सांगितलंस.

तुझी साबणांची मोठी यादी बघून मला हसू आलं. ओट्याचा वेगळा, फरशीचा वेगळा, तांब्याचा वेगळा. चिंच कोळल्यावर जो चोथा राहतो त्यात मीठ घालून देवाची भांडी घास, पिळलेल्या लिंबाची सालही चालते. ॲल्युमिनियमला मात्र आंबट लावायचं नाही. रेशमी साडी आणि शालीसाठी रिठे: आठ-दहा रिठे रात्री कोमट पाण्यात भिजत घाल, सकाळी कुस्करून गाळ. ते पाणी डोळ्यांत गेलं तर फार झोंबतं, जपून. कपडे धुवायची पावडर तर तू दुप्पट घालतेस. फेस जास्त म्हणजे कपडे स्वच्छ, असं नसतं. तो फेस काढायला पाणी मात्र दुप्पट जातं.

सुती साड्या बोहारणीला देऊ नकोस. एका स्टीलच्या डब्यासाठी तू तिला तीन साड्या आणि दोन पँटी दिल्यास, तो डबा बाजारात कितीला मिळतो? जरीची, सिंथेटिक अशी द्यायची ती दे. मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी होते. विरलेल्या साड्या आतल्या थराला, धड असलेल्या दोन वर आणि खाली. चारी कडा आधी कच्च्या टाक्यांनी पकड, नाहीतर धावदोरा घालताना मधला थर सरकून गोळा होतो. तुला वेळ नाही हे मला मान्य आहे. गोधड्या शिवून देणाऱ्या बायका पुण्यात अजून आहेत, त्यांना शिलाई देऊनही दुकानातल्या दुलईपेक्षा स्वस्त पडेल. साडीच्या उरलेल्या काठांच्या पिशव्या, बनियनचं फडकं, फडक्याचं शेवटी पायपुसणं. टाकताना शर्टाची बटणं कापून डबीत ठेवायची, एवढं तरी कर.

गॅलरीत तीन कुंड्या बसतात. दोडका-टोमॅटोच्या नादाला लागू नकोस, त्या जागेत चार टोमॅटो येतील आणि माती-खतालाच जास्त जाईल. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने थोड्या जागेत पुष्कळ पिकवून दाखवलं, पण त्यांनी ऊन मोजलं, माती घडवली. तुझ्या गॅलरीत ऊन दोन तास. कढीपत्ता, गवती चहा आणि ओवा लाव. दहा रुपयांची जुडी आणून दोन काड्या वापरायच्या आणि बाकी सुकवायची, हे ज्यांचं होतं तेच घरी लावावं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी कुंड्यांना घाल, मिठाचं नको.

काही ठिकाणी हात आखडू नकोस. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची, ती भेगाळली की आधीच. कुकरची रिंग सैल झाली की नवी आण. तळून काळं झालेलं तेल पुन्हा तळणीला नको. कामाला येणाऱ्या ताईंचा पगार आणि सुट्टी कापून वाचवलेला पैसा मला दाखवायला आणू नकोस. आणि दहा रुपये स्वस्त भाजीसाठी गाडी काढून मंडईत जाशील तर पेट्रोलही खर्चाच्या वहीत लिही.

गहू मार्चअखेरीला नवा येईल. दोघांना वर्षाचा शंभर किलो लागला तरी एवढ्याशा घरात पन्नासच ठेव, रवा-बेसन-साबुदाणा तर अर्ध्या किलोच्या वर नको, पावसाळ्यात अळी धरते. तूरडाळ तीन महिन्यांची, तिला एरंडेलाचा हात लावून ठेव. लोकवन आम्ही इथून एकदमच घेतो, तुझं पोतं वेगळं बांधून ठेवते. इथल्या गच्चीवर तीन दिवस ऊन देऊन पाठवीन. दाण्याचा दाताखाली कटकन तुकडा पडला पाहिजे. तू फक्त कोठी आधी धुऊन कडक वाळव, आणि कडुनिंबाचा पाला सावलीत सुकवून ठेव. गहू पोचला की लगेच कोठीत भरू नकोस, रात्रभर पसरून निवू दे. गरम भरलास तर आत घाम धरतो.