कुंडलं तीच होती

आजचं वाचन : निर्गम 31:1-11; 32:1-24; 35:20-35



आमच्या तरुण संघाचं मीडियाचं काम मी बघते. मागच्या महिन्यात एका बहिणीने साक्ष दिली. नोकरी गेली, घरात ताण, एवढी प्रार्थना करूनही अजून उत्तर नाही, तरी दर रविवारी ती येते. बारा मिनिटं बोलली. मी त्याची चाळीस सेकंदांची रील केली. "अजून उत्तर नाही" हे कापलं, कारण तिथे लोक पुढे स्क्रोल करतात. मागे पियानो, शेवटी तिचं हसू. रील जोरात चालली. रात्री तिचा मेसेज आला, "ताई, मी असं बोललेच नव्हते."

31व्या अध्यायात देव बसालेलाला नावाने बोलावतो, आपल्या आत्म्याने भरतो. तो संदेष्टा नाही, याजक नाही. सोनं, रुपं, लाकूड, रत्नं यांवर काम करणारा कारागीर. व्हिडिओ, पोस्टर करणाऱ्या मुलांना उत्तेजन द्यायला हा भाग आम्ही नेहमी घेतो. आणि थेट 35व्या अध्यायावर उडी मारतो!

मधे 32वा आहे. मोशेला डोंगरावरून यायला उशीर होतो, लोकांना धीर नाही, आणि अहरोन त्यांची सोन्याची कुंडलं घेऊन वासरू घडवतो. आता 35:22 बघा. निवासमंडपासाठी लोक जे दागिने आणतात त्यांत पुन्हा कुंडलं आहेत. धातू तोच, कला तीच. अहरोनाने गर्दीने मागितलं ते दिलं. बसालेलाने मोशेला डोंगरावर दाखवलेल्या नमुन्याप्रमाणे काम केलं.

मोशेने जाब विचारल्यावर अहरोन काय सांगतो? सोनं आगीत टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं म्हणे. वाचून हसू येतं. पण मीही तिला आधी हेच लिहिलं होतं की अल्गोरिदमच तसा आहे गं.

रील काढून टाकली. शनिवारी तिच्या शेजारी बसून पुन्हा एडिट केलं; काय ठेवायचं ते तिने ठरवलं. आता कुणाचीही साक्ष त्या व्यक्तीला दाखवल्याशिवाय आम्ही टाकत नाही. नवा व्हिडिओ सव्वाचार मिनिटांचा झाला. फार थोड्यांनी शेवटपर्यंत पाहिला.

प्रार्थना : प्रभू, माझ्या बहिणीला अजून नोकरी नाही. तिचं ऐक. येशूच्या नावात, आमेन.