लेथची मोटार आणि बदलती वारंवारता

परभणी, सेलू, मानवत, जिंतूर वा गंगाखेड येथील वर्कशॉपमध्ये पंपाचे शाफ्ट आणि ट्रॉलीचे एक्सल कातणारी लेथ हमखास आढळते. तिची मोटार बहुधा तीन फेजची असते. खेड्यांत मात्र तीन फेज वीज ठरावीक तासच मिळते. उरलेल्या वेळी घरात दिवे लागतात आणि लेथ उभी राहते. यावर कपॅसिटर लावून एकाच फेजवर मोटार ओढण्याची जुनी युक्ती आहे. तीत तिन्ही वाइंडिंगमधील प्रवाह असमान राहतो आणि मोटार लवकरच रिवाइंडिंगच्या दुकानात पोहोचते. आय.टी.आय. करून गावातच वर्कशॉप थाटू पाहणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना म्हणूनच अलीकडे व्हीएफडी, म्हणजे वारंवारता बदलणारा ड्राइव्ह, सुचवला जातो. तो उपयुक्त खरा. परंतु त्यात पैसे गुंतवण्यापूर्वी तो काय करतो आणि काय करू शकत नाही, हे जाणले पाहिजे.

आपली वीज 50 हर्ट्झची. चार ध्रुवांच्या इंडक्शन मोटारीतील चुंबकीय क्षेत्र तीवर मिनिटाला 1500 फेरे घेते. रोटर किंचित मागे राहून सुमारे 1440 फेरे घेतो. वारंवारता बदलली की वेग बदलतो. त्यासाठी ड्राइव्ह आलेल्या विजेचे एकदिश विजेत रूपांतर करतो, ती कपॅसिटरमध्ये साठवतो आणि सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांमधून हव्या त्या वारंवारतेची तीन फेज वीज घडवतो. वारंवारतेबरोबर तो व्होल्टेजही उतरवतो. 415 व्होल्टच्या मोटारीला 50 हर्ट्झवर दर हर्ट्झमागे 8.3 व्होल्ट मिळतात. म्हणून 25 हर्ट्झवर सुमारे 207 व्होल्ट पुरतात. व्होल्टेज तसेच ठेवून केवळ वारंवारता घटवली, तर प्रवाह बेसुमार वाढून वाइंडिंग जळेल.

येथेच पुष्कळांचा गैरसमज होतो. पट्टा मोठ्या पुलीवर चढवला की वेग निम्मा होतो आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळजवळ दुप्पट होतो. ड्राइव्हने वेग निम्मा केला तर टॉर्क फार तर पूर्वीइतकाच राहतो. अर्थात 2 अश्वशक्तीची मोटार त्या वेगाला 1 अश्वशक्तीच देते. मोठ्या व्यासाच्या जॉबवर 10 हर्ट्झला खोल कट घेऊ पाहणाऱ्याची लेथ अडते. शिवाय मोटारीचा पंखा तिच्याच शाफ्टवर असल्याने मंद वेगात तो वारा देत नाही व मोटार तापते. म्हणून पुल्या आणि गिअर भंगारात देऊ नयेत. वेगाचा ढोबळ टप्पा त्यांनी ठरवावा आणि ड्राइव्हने मधला बारीक फरक साधावा.

एक फेजवर चालणाऱ्या ड्राइव्हची आणखी एक मेख आहे. 230 व्होल्ट घेणारा साधा ड्राइव्ह तीन फेज देतो, पण त्याही 230 व्होल्टच्याच. स्टार जोडणीच्या 415 व्होल्ट मोटारीत प्रत्येक वाइंडिंगवर सुमारे 240 व्होल्ट पडतात. तीच वाइंडिंग डेल्टात जोडली की ती या ड्राइव्हवर नीट चालते. साधारणपणे 2 अश्वशक्तीपर्यंतच्या मोटारी स्टारमध्ये असतात, तथापि नेमप्लेट वाचल्याविना विश्वास ठेवू नये. सहा टोके बाहेर नसतील, तर जाणत्या वाइंडरकडून ती काढून घ्यावी लागतात. 3 अश्वशक्तीची मोटार बहुधा आधीच 415 व्होल्टसाठी डेल्टात असते. ती या ड्राइव्हवर पुरा जोर देणार नाही.

वीजबचतीच्या जाहिराती मुख्यतः पंखे आणि पंपांना लागू पडतात, कारण तेथे वेग थोडा घटला तरी भार पुष्कळ घटतो. लेथवर तसा लाभ फारसा नाही.

अनेक ड्राइव्हांची पूर्ण क्षमता 40 अंश तापमानापर्यंतच गृहीत धरलेली असते. आपल्या जिल्ह्याचा मे महिना त्यापलीकडे जातो. म्हणून ड्राइव्ह एक माप मोठा घ्यावा. जिनिंगच्या परिसरात उडणारे कापसाचे तंतू त्याच्या पंख्यात अडकतात. ते वरचेवर साफ करावेत. मात्र वीज बंद केल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये प्राणघातक व्होल्टेज काही मिनिटे टिकते. पुस्तिकेत दिलेला वेळ थांबून, मीटरने तपासूनच झाकण उघडावे. अर्थिंग पक्के हवे. ड्राइव्ह आणि मोटार यांच्यामध्ये स्विच वा जुना कपॅसिटर ठेवू नये. चक आट्यांवर बसणारा असेल, तर ड्राइव्हने एकाएकी उलट फिरवू वा झटक्याने थांबवू नये. फिरता चक उकलून अंगावर येऊ शकतो.